नकाशावरची पांदण

भुजंगचं लग्न एकोणीसशे ब्याऐंशीच्या वैशाखात झालं. भुजंग म्हणजे रखमाजीचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेल्यामुळं रखमाजीनंच त्याला वाढवलं होतं, आणि लग्नही त्यानंच करून दिलं. नवरी नंदाबाई वडीगोद्रीची, सातवी शिकलेली. लग्न तिकडं लागलं आणि वऱ्हाड नवरीला घेऊन ट्रकनं परत आलं. ट्रक सडकेवर थांबला. सडकेपासून खाली बोरवाडीत यायचं ते पांदणीनं. गावच्या गाड्या बैल सजवून पांदणीच्या तोंडाशी उभ्या होत्या, वाजंत्री तयार होती, आणि पांदणीत तातेरावनं बाभळीच्या काट्या टाकून ठेवल्या होत्या.

तातेरावचं शेत पांदणीच्या दोन्ही अंगांना. पांदण माझ्या सातबाऱ्यातली आहे, मनात आलं तर जाऊ देईन, नाही आलं तर नाही, असं तो भर चावडीत म्हणायचा. त्या दिवशी त्याच्या मनात आलं नाही. काट्या उचलायला चार माणसं पुढं झाली तर त्याचे दोन गडी कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे राहिले. शुभ दिवशी रक्त नको म्हणून रखमाजीनं गाड्या फिरवल्या. नंदाबाई हळदीच्या पायांनी नांगरलेल्या ढेकळांतून चालत सासरी आली. तिच्या तळपायातले काटे सगुणाबाईनं, रखमाजीच्या बायकोनं, उंबऱ्याबाहेर बसून सुईनं काढले. गावानं ती गोष्ट महिनाभर चघळली. 

पांदण म्हणजे काय ते बोरवाडीत कुणाला सांगावं लागत नाही. दोन बांधांच्या मधली खोलगट वाट, एक गाडी जाईल एवढी रुंद. आठ महिने तिच्यातून गाड्या जातात. चार महिने वरच्या माळाचं पाणी तिच्यातून उतरतं, गावच्या विहिरीच्या कडेनं जातं आणि पुढं ओढ्याला मिळतं. रस्ताही तीच आणि ओहोळही तीच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

लग्नाला महिना झाला नाही तोच सरकारी मोजणी आली. वरच्या माळावर कारखान्यांची वसाहत व्हायची होती, त्यासाठी जमीन घ्यायची होती. रखमाजी तेव्हा मोजणी कचेरीत हजेरीवर चेनमन होता. चेनमन म्हणजे साखळी ओढणारा माणूस. मोजणीदार साहेब झाडाखाली तीन पायांची फळी मांडून बसत, फळीवर कागद. चेनमन साखळी घेऊन उन्हात चालत जाई, जिथं काही आडवं येईल तिथं थांबे आणि ओरडून सांगे, बांध, विहीर, नाला, झाड. साहेब तसं कागदावर काढत. नकाशा साहेबाच्या हातानं निघायचा, पण बघायचे ते चेनमनचे डोळे आणि बोलायचं ते चेनमनचं तोंड. साहेब स्वतः उठून बघायला येत ते फार क्वचित. मे महिन्याच्या उन्हात तर नाहीच.

पांदणीशी आल्यावर रखमाजी थांबला.

"काय आहे?" साहेबांनी झाडाखालून विचारलं.

"रस्ता," रखमाजी ओरडला.

"नाला न्हाई ना? मधी गोटे दिसून राह्यले."

"रस्ता हाये साहेब. गाडीची चाकोरी हाये. बापजाद्यांपासून वहिवाट."

साहेबांनी दोन तुटक रेघा मारल्या. खाली टिपणवहीत लिहिलं, रखमाजीला बोलावून अंगठा घेतला. अक्षर त्याला तेव्हा येत नव्हतं. अंगठ्याची शाई त्यानं मातीला पुसली आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "तातेरावच्या सातबाऱ्यात आता सरकारचा रस्ता घुसला. लाव म्हणावं काट्या."

तातेरावनं नकाशा बघितला, कचेरीत चार खेटे घातले आणि गप्प बसला. पुढं वीस वर्षं पांदणीत काटी पडली नाही. गावानं रखमाजीला डोक्यावर घेतलं. तो खोटं बोलला असं कुणाला वाटलं नाही. त्यालाही वाटलं नाही, कारण अर्धं तर खरंच होतं.

*

नव्वद साली माळावर तारेचा कारखाना उभा राहिला. लोखंडाची तार ओढायची, तेजाबाच्या हौदात बुडवून धुवायची, वर जस्त चढवायचं. धुतलेल्या तारांची वेटोळी उघड्या अंगणात ठेवायची, तेजाबाचा गाळही तिथंच एका बाजूला ढीग करून. अंगणाच्या दक्षिणेला भिंत, भिंतीच्या तळाशी सिमेंटचा दोन फुटी पाइप, आणि पाइपाचं तोंड थेट पांदणीत. उन्हाळ्यात त्या पाइपातून काही येत नसे. पाऊस पडला की अंगण धुऊन निघायचं आणि पिवळसर लाल पाणी पांदणीतून उतरायचं. दोन वर्षांत पांदणीच्या बांधावरचं गवत जळालं. चार वर्षांत विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव आली. पाचव्या वर्षी गावानं प्रदूषणाच्या मंडळाकडं अर्ज केला.

अर्जाचं उत्तर यायचं ते ठरलेलं. कारखान्याला जी संमती दिलेली आहे तिच्यासोबत नकाशा जोडलेला आहे. पावसाचं पाणी बाहेर सोडायच्या सहा जागा नकाशात दाखवल्या आहेत. सहाही जागी पाण्याचे नमुने घेतले, सहाही चांगले निघाले. सहा जागा सगळ्या उत्तरेला, सडकेच्या बाजूला होत्या, जिथं हापिस होतं, बगीचा होता, गाड्या लावायची जागा होती. बगीच्यातून येणारं पाणी चांगलं नसायला काय झालं?

"मंग दक्षिणेचा पाइप?" रखमाजीनं एकदा नमुने घेणाऱ्या माणसाला विचारलं.

"तो नकाशात न्हाई," तो म्हणाला आणि बाटल्यांची पेटी उचलून गेला.

रखमाजी अठ्ठ्याण्णवला निवृत्त झाला. मधल्या काळात साक्षरतेचे वर्ग निघाले, बोरवाडीचा वर्ग नंदाबाईकडं आला. पन्नाशी ओलांडलेला रखमाजी पाटी घेऊन लिंबाखाली बसला तेव्हा मोठी पंचाईत झाली, कारण तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्याशी तोंडावर बोलायची रीत नव्हती. मग ती पदर सावरून दुसरीकडं बघत जावेला सांगायची, "बाई, त्येंना म्हणावं, ख लई पसरून राह्यला, जरा आवरा." आणि सगुणाबाई नवऱ्याला म्हणायची, "ऐकलं का, तुमचा ख माजला." अशा रीतीनं रखमाजी लिहाय-वाचायला शिकला.

सगुणाबाई मात्र शिकली नाही. पुढं तिच्या पायांवर सूज यायला लागली. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. जालन्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि विचारलं, पाणी कुठलं पिता. रखमाजीनं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, ते आधी बंद करा, आणि खाली बघून गोळ्या लिहायला लागला. त्या दिवसापासून रखमाजी अर्ध्या कोसावरच्या शाळेच्या हापशावरून दोन कळश्या आणायचा. हापसा दोन महिने चालायचा, चार महिने कोरडा. मग पुन्हा विहीरच. भुजंगच्या शेतात बोअर होता, पण शेत पांदणीच्या पलीकडं दूर, आणि लाइट असली तर पाणी.

"नका घालू एवढे खेटे," सगुणाबाई म्हणायची. "तेरा वरसं पेले, आता पोटात जाऊन मुरलं. माझ्या पोटाचाच कारखाना झाला."

"गप बस."

"गपच हाये. पाय बोलून राह्यले."

*

दोन हजार तीनच्या मे महिन्यात देवानंद बोरवाडीत आला. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा, तिशीच्या आतला, इंजिनियर. आई मालनबाई अजून रोजानं खुरपायला जायची, आणि हे तो आपणहून सांगायचा. प्रदूषणाच्या मंडळानं नवा नियम काढला होता. वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्यानं पावसाच्या पाण्याचा नकाशा आता संगणकावर करून द्यायचा. पाणी कुठून पडतं, कुठं वाहतं, कुठं बाहेर जातं, सगळं. जून संपायच्या आत नकाशा आला नाही तर संमतीची मुदत वाढणार नाही. सगळ्या कारखान्यांनी मिळून एका कंपनीला ते काम दिलं होतं आणि कंपनीनं देवानंदला पाठवलं होतं. त्याला जुने मोजणीचे दगड ओळखणारा माणूस पाहिजे होता. लोकांनी रखमाजीचं नाव सांगितलं.

देवानंदकडं हाताच्या पंजाएवढं यंत्र होतं. ते उघड्यावर धरून दोन मिनिटं थांबलं की ही जागा पृथ्वीवर नेमकी कुठं आहे ते आकड्यांत सांगायचं. रखमाजीला ते आवडलं. साखळी नाही, फळी नाही, ओरडणं नाही.

"ह्याला कुनी खोटं सांगू शकत न्हाई म्हना," तो म्हणाला.

"जागा खोटी सांगता येत नाही, बाबा," देवानंद म्हणाला. "जागेला नाव काय द्यायचं ते माणूसच सांगतो."

आठ दिवसांत दोघांनी माळ पालथा घातला. तारेच्या कारखान्याची उत्तरेकडची सहा तोंडं झाली. नवव्या दिवशी रखमाजीनं देवानंदला हाताला धरून दक्षिणेच्या भिंतीमागं नेलं. पाइपाच्या तोंडाखाली माती विटकरी झाली होती. देवानंदनं उकिडवं बसून ती चिमटीत चोळून बघितली. मग त्यानं यंत्र धरलं, फोटो काढला आणि वहीत लिहिलं, सात.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या हापिसात त्यानं रखमाजीला संगणकासमोर बसवलं. जुना मोजणीचा नकाशा आत घेतला होता. नाले निळ्या रेघांनी, रस्ते काळ्या रेघांनी. सहा तोंडांचे सहा हिरवे ठिपके निळ्या रेघेला लागून होते. सातवा ठिपका काळ्या रेघेवर होता, आणि तो लाल होता.

"लाल कामून?"

"ज्या तोंडाखाली नाला नाही ते तोंड हा नकाशा मानत नाही. पाणी कुठं जातं ते त्याला कळत नाही. लाल ठिपका असला तर मंडळ नकाशा परत करतं. मी काल वरती विचारलं. ते म्हणाले, सातवा काढून टाक."

"पानी जातं कुठं ते तुला कळत न्हाई का?"

"मला कळतं, बाबा."

"मंग निळी रेघ मार."

"कशावरून मारू? सरकारी नकाशात तिथं रस्ता आहे."

"रस्ता बी हाये आन नाला बी हाये. दोन्ही लिव्ह."

"एका रेघेला एकच नाव. यात तसंच आहे."

रखमाजी खुर्चीवरून उठला. "हे मशीन हाये का तातेराव? तो बी असंच म्हनायचा, एकच काय ते सांगा."

देवानंद हसला नाही. तो म्हणाला, "माझी नोकरी जूनपर्यंत आहे, आणि आमचा पगार ह्याच कारखान्यांकडून येतो. तोंडी सांगण्यावर मी रेघ मारली तर ते उद्या ती पुसतील आणि मलाही पुसतील. मला कागद आणून द्या. कागद असला तर मी सातवा काढणार नाही, कुणीही सांगू दे."

कारखान्याचा मॅनेजर दारात उभं राहून ऐकत होता. गोरा, बारीक मिशीचा, बोलायला गोड. "बाबा, रस्त्यावर पाणी सांडलं तर त्याला आउटलेट म्हणत नाहीत," तो म्हणाला. "ते जिरून जातं. सरकारनं मोजून ठेवलंय, आम्ही नाही. तुमच्याच गावच्या माणसानं दाखवलंय म्हणे."

त्याला माहीत होतं की नव्हतं ते कळायला मार्ग नाही. रखमाजीला मात्र कानाखाली वाजल्यासारखं झालं.

*

कचेरीत तो तीन दिवस बसला. सोळा वर्षं ज्या कचेरीची साखळी ओढली तिथं त्याला रोज उद्या या म्हणून सांगत होते. चौथ्या दिवशी जुन्या ओळखीच्या शिपायानं ब्याऐंशीची टिपणवही काढून दिली. पान सापडलं. रखमाजीनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. चेनमन रखमाजी याचे सांगणेवरून पांदण ही वहिवाटीचा रस्ता म्हणून दाखल. शेजारी त्याचा अंगठा, नीट उठलेला, वीस वर्षांत जरासुद्धा पुसट न झालेला.

एवढ्या मोठ्या कारखान्याच्या कागदांना, बाटल्यांना, संमतीला, सगळ्याला टेकू कसला होता, तर ह्या अंगठ्याचा. रखमाजीला असा राग आला की वहीचं ते पान फाडावंसं वाटलं. आठ वर्षं गावानं अर्ज केले, आणि प्रत्येक अर्ज त्याच्याच तोंडच्या एका शब्दावर आपटून परत आला होता. ते उत्तर घेऊन येणाऱ्या लोकांना तो शिव्या घालत होता, आणि मुळात ते उत्तर त्याचंच होतं. पान त्यानं फाडलं नाही. नक्कल मागितली, शिक्का मारून घेतला.

घरी येऊन त्यानं भुजंगला बोलावलं. काय करणार ते सांगितलं. मी तेव्हा खोटं सांगितलं, खरं तर तिथं पाण्याचा ओहोळही आहे, असं लिहून देणार.

भुजंगला आधी समजलंच नाही. समजल्यावर उभा राहिला.

"दादा, तुमी नाला म्हनून लिव्हून दिलं की रस्ता गेला. तातेराव वाटच बघून राह्यला. आठ दिवसांत काट्या पडतील. माझं शेत पलीकडं हाये. निम्म्या गावाचं पलीकडं हाये. खत डोक्यावर न्यायचं का? आजारी मानूस सडकेला कसं न्यायचं?"

"आजारी मानूस आत बसलंय. तिला ईचार."

"वैनीला दवाखाना करू. बोअरचं पानी आनून देतो मी, रोज. पर हे लिव्हू नका."

"आन बाकीच्या गावाला? तूच देनार?"

"गाव तुमाला सांगायला आलं का? गावाला रस्ता पाह्यजे. तुमीच दिला रस्ता, आता तुमीच काढून घेनार. कशापायी, तर तुमच्या मनाला लागलं म्हनून."

"मनाला लागायचं सोड. पानी लागलं," रखमाजी म्हणाला. "पाय बघ तिचे."

"रस्त्यासाठी खोटं बोललात ते माझ्या लग्नापायी. मी सांगितलं न्हवतं बोलायला."

हे शेवटचं वाक्य भुजंगला बोलायचं नसावं, पण ते तोंडातून गेलं. रखमाजीनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "जा घरी."

जबाब त्यानं स्वतः लिहिला. दोन दिवस लागले. लिहिलेला कागद सगुणाबाईच्या हाती देऊन नंदाबाईकडं पाठवला. नंदाबाईनं नवऱ्यासमोर तो वाचला, दोन वेलांट्या सुधारल्या आणि जावेला म्हणाली, "त्येंना म्हणावं, बराबर हाये. आन सांगावं की माझे पाय कवाच बरे झाले." भुजंग उठून बाहेर गेला. तहसिलीत जाऊन रखमाजीनं शपथेवर सही केली.

*

वीस जूनला वसाहतीच्या सभागृहात नकाशांची सुनावणी झाली. मंडळाचे अधिकारी मधल्या खुर्चीत, बाजूला मॅनेजर, कोपऱ्यात देवानंद संगणक घेऊन. मागच्या बाकांवर बोरवाडीचे दहा-बारा लोक आणि त्यांच्यात तातेराव, पांढराशुभ्र कपडे घालून, लग्नाला आल्यासारखा.

रखमाजीनं जबाब वाचला. हळू वाचला, पण अडखळला नाही. वाचून झाल्यावर मॅनेजर अधिकाऱ्यांकडं वळला.

"साहेब, ह्या गृहस्थांनी ब्याऐंशीला सांगितलं रस्ता. आज म्हणतात नाला. मग हे तेव्हा खोटं बोलले की आज बोलतात? अशा माणसाच्या शब्दावर नकाशा बदलायचा का?"

अधिकाऱ्यांनी रखमाजीकडं बघितलं.

"तवा खोटं बोललो," रखमाजी म्हणाला. "ह्या पांढऱ्या कपड्यातल्या मानसानं भावाच्या वरातीत काट्या टाकल्या, त्याचा राग व्हता. म्हनून अर्धं सांगितलं आन अर्धं गिळलं. पर साहेब, माझं खोटं बोलनं तुमाला वीस वरसं चाललं. त्यावर तुमी संमती दिली, बाटल्या भरल्या, गावाला पत्रं धाडली. अनाडी मानसाचा अंगठा व्हता तवा कुनी ईचारलं न्हाई, हा खरं बोलतो का. आता सही हाये तर समदे ईचारून राह्यले. माझ्या शब्दावर जाऊ नका. पाऊस पडंल तवा पांदणीत येऊन उभे राहा. पाय भाजले न्हाईत तर मला जेलात टाका."

"भाषण नको," अधिकारी म्हणाले.

"भाषन न्हाई. पत्ता सांगतोय."

मागं कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी देवानंदला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

सभागृहात त्याच्या कंपनीचा मोठा साहेबही बसला होता. देवानंद उभा राहिला. त्यानं जमिनीचा उतार दाखवला, फोटो दाखवला, आणि म्हणाला, "सातवं तोंड आहे, सर. मी मोजलंय. रेघेचं नाव काहीही ठेवा, पाणी तिथूनच जातं. मी तो ठिपका काढलेला नाही आणि काढणार नाही."

अधिकाऱ्यांनी लिहिलं, पावसात प्रत्यक्ष पाहणी करून निर्णय.

देवानंदची नोकरी तीस जूनला संपली. मुदत वाढवली नाही. तरी जुलैच्या सात तारखेला दुपारी पाऊस लागला तेव्हा तो मंडळाच्या माणसाला घेऊन स्वतःच्या पैशानं रिक्षा करून आला. रखमाजी त्यांच्यासोबत गेला, आणि तिघं पांदणीत गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मंडळाच्या माणसानं तेजाब ओळखायची कागदाची पट्टी बुडवली. पिवळी पट्टी बघता बघता लाल झाली. त्यानं दुसरी बुडवली, तीही लाल झाली. त्यानं बाटली भरली, झाकणावर सात लिहिलं आणि पटकन पाण्याबाहेर येऊन पायांवर ओतायला चांगलं पाणी मागितलं. चांगलं पाणी कुणाकडंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये नवा नकाशा मंजूर झाला. पांदणीची रेघ निळी झाली, सातवा ठिपका हिरवा झाला. कारखान्याला नोटीस गेली. अंगणावर छप्पर घाला, गाळ उचला, पहिल्या पावसाचं पाणी धरायला टाकी बांधा. हे सगळं करायला मुदत सहा महिने.

"सहा महिने?" रखमाजीनं मंडळाच्या कचेरीत विचारलं. "पावसाळा तर दोन महिन्यांत सरतो."

"नियमात तेवढी आहे," टेबलावरचा माणूस म्हणाला.

"मंग ह्या पावसाचं पानी कुनी प्यायचं?"

त्यानं पुढचा कागद ओढला. रखमाजीनं हातातला नकाशा त्याच्या टेबलावर आपटला. शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

तातेराव आठवडासुद्धा थांबला नाही. नवा नकाशा निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी पांदणीत काट्या पडल्या, आणि ह्या वेळी त्याच्या हातात सरकारी कागद होता. गावच्या गाड्या दीड कोसाचा वळसा घालून जायला लागल्या. पारावर रखमाजी आला की माणसं उठून जायची. पुंजाराम म्हणून त्याचा जुना सोबती होता, तो तेवढा बसून राहायचा, पण तोही म्हणाला, "रखमा, बराबर केलंस तू. पर कुनाला इचारून केलंस?" भुजंगनं बोलणं सोडलं. बोअरच्या पाण्याची घागर मात्र रोज सकाळी नंदाबाई ओट्यावर ठेवून जायची, आणि भुजंग ते बघून न बघितल्यासारखं करायचा.

सगुणाबाईला सप्टेंबरात औरंगाबादला नेलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी व्हायला आलेली. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवायला सांगितलं. तिसऱ्या फेरीला तिनं बसमध्ये रखमाजीला विचारलं, "सातवा नंबर आला का तुमचा?"

"आला."

"मंग आता पानी गोड झालं असंल."

"न्हाई. टाकी बांधून राह्यलेत."

"बांधू द्या," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तातेरावच्या काट्या हायेत का अजून?"

"हायेत."

"मंग काय केलं ओ तुमी?"

ती रागानं बोलली नव्हती. रखमाजीनं तिचा पदर खिडकीतून आत घेतला. मग तो म्हणाला, "खरं लिव्हून दिलं."

"लई उशिरा शिकलात," ती म्हणाली.

टाकी जानेवारीच्या शेवटी बांधून झाली. दक्षिणेचा पाइप सिमेंटनं बुजवला. मॅनेजरनं टाकीपाशी नारळ फोडला आणि बोरवाडीच्या लोकांना पेढे पाठवले. रखमाजीनं आपल्या वाट्याचा पेढा पाठवणाऱ्याच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "साहेबाला म्हनावं, विहीर उपसून दे. पेढा तू खा." विहीर कुणी उपसली नाही. विहीर नकाशात कारखान्याच्या हद्दीबाहेर होती.

सगुणाबाई सोळा फेब्रुवारी दोन हजार चारला, सोमवारी सकाळी, औरंगाबादच्या दवाखान्यात वारली.